मुदत शिल्लक, पाने संपली

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी ज्या घरांतून कोणी मुंबईस नोकरीला निघाले तरी सारी गल्ली निरोप द्यायला एस. टी. स्थानकावर जमत असे, त्याच घरांतील नातवंडे आज दुबई, नैरोबी, सिंगापूर, लंडन, न्यू जर्सी अशा ठिकाणी चरितार्थासाठी राहात आहेत. त्यांच्या पगाराची, घराची आणि तिकडच्या थंडीची चौकशी आपण सर्वजण आस्थेने करतो. परंतु ज्या छोट्याशा पुस्तिकेच्या आधारावर ती मुले परमुलखात उभी आहेत, त्या पुस्तिकेची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आजचा विषय त्या पुस्तिकेचा आहे. आणि त्यातही तिच्या कोऱ्या पानांचा आहे. विषय लहान वाटेल. तथापि परदेशी काम करणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या अडचणींत ही एक अशी अडचण आहे की, जी येते तेव्हा पूर्वसूचना देत नाही आणि पैसा टाकून त्याच दिवशी दूरही करता येत नाही.

पासपोर्टला शासकीय मराठीत पारपत्र म्हणतात. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे ही पुस्तिका केंद्र सरकारच्या मालकीची असते. नागरिक तिचा केवळ धारक असतो. या पुस्तिकेस दोन मर्यादा आहेत. एक काळाची आणि दुसरी कागदाची. काळाची मर्यादा स्पष्ट छापलेली असते. प्रौढ व्यक्तीचा पासपोर्ट सामान्यतः दहा वर्षांसाठी असतो व अखेरची तारीख नाव-छायाचित्राच्या पानावर कोणालाही वाचता येते. कागदाची मर्यादा मात्र कोठेही ठळकपणे लिहिलेली नसते. ती धारकाने स्वतः पाने उलटून मोजावयाची असते, आणि येथेच सर्व घोटाळा होतो.

व्यापारी पेढीवर बसलेल्या मंडळींना हे चटकन उमगेल. वही दिवाळीला बदलावयाची असते हे खरे. परंतु उलाढाल वाढली तर ती वही फाल्गुनातच भरते. मुनीम काय करतो? नवी वही उघडतो, वर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहितो, शिल्लक ओढतो आणि काम पुढे चालू ठेवतो. खाते तेच, पेढी तीच, आसामी तीच. पासपोर्टच्या बाबतीत ही सोय नाही. वही बदलली की खाते क्रमांकही बदलतो, आणि मग ज्या ज्या ठिकाणी जुना क्रमांक दिलेला असेल त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन सांगावे लागते की, मनुष्य तोच आहे, वही नवी आहे.

पाने इतकी थोडी का, असा प्रश्न साहजिक आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील बऱ्याच देशांत पासपोर्टवाचून हिंडता येत असे. युद्धाने सरहद्दी कडक केल्या आणि युद्ध संपल्यावरही त्या सैल झाल्या नाहीत. १९२० साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिस येथे परिषद भरली व तेथे सर्व देशांच्या पासपोर्टचा एक समान नमुना सुचविण्यात आला. पुस्तिकेचा आकार साडेपंधरा बाय साडेदहा सेंटीमीटर आणि पाने बत्तीस. त्या काळी प्रवास बोटीने होई. एका सफरीत महिना-दीड महिना सहज जाई. बत्तीस पानांत माणसाचा उभा जन्म मावत असे. आज नैरोबीहून कंपालाला सकाळी निघून संध्याकाळी परतणारी माणसे आहेत, आणि पुस्तिका मात्र जवळजवळ तेवढीच राहिली आहे. पुष्कळदा हे आकडे चारच्या पाढ्यात सापडतात : भारताची छत्तीस व साठ पाने, अमेरिकेच्या जुन्या पुस्तिकांची अठ्ठावीस व बावन्न. कागदाचा ताव मधोमध दुमडून शिवला की त्याची चार पाने होतात. वह्या बांधणाऱ्या कारागिरास यात नवल वाटणार नाही.

भारतात साधारण पासपोर्ट ३६ पानांचा मिळतो. मागितल्यास ६० पानांचा मिळतो, त्यास बोलीभाषेत ‘जम्बो’ म्हणतात. २०१२ साली शुल्क वाढले त्यावेळी ३६ पानांस १५०० रुपये व ६० पानांस २००० रुपये असे दर ठरले. अवघे पाचशे रुपयांचे अंतर! दहा वर्षांत विभागले तर वर्षाला पन्नास रुपये पडतात. तरीही बहुसंख्य अर्जदार छत्तीस पानांवरच खूण करतात. यात कंजुषी असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिला पासपोर्ट काढताना पुढे किती प्रवास होणार हे कोणासच ठाऊक नसते. बहुतेकांना एकदा तरी परदेश घडावा एवढीच इच्छा असते. साठ पाने मागणे त्यावेळी बढाईचे वाटते.

आता ही पाने खर्च कशी होतात ते पाहणे अगत्याचे आहे. एक उदाहरण कल्पावे. इचलकरंजीचा एक वस्त्रनिर्माण पदवीधर तरुण सूतगिरणीच्या यंत्रांची विक्री व देखभाल करणाऱ्या पेढीत लागला आणि पेढीने त्याला नैरोबीस नेमले. वय सत्तावीस. घरी आई-वडील आणि एक विवाहित बहीण. त्याच्या छत्तीस पानांतून नाव-पत्त्याची व सूचनांची पाने वजा केली तर शिक्के व व्हिसा यांसाठी सुमारे तीस पाने राहतात. कामासाठी त्याला महिन्यातून एकदा रस्त्याने युगांडात किंवा टांझानियात जावे लागते. कधी बुसियाच्या, कधी नामंगाच्या नाक्यावरून. एका खेपेस केनियातून निघाल्याचा शिक्का, पलीकडे शिरल्याचा शिक्का, परत निघाल्याचा आणि परत शिरल्याचा, असे चार शिक्के बसतात. वर्षाचे अठ्ठेचाळीस झाले. वर्षातून दोनदा घरी येणे धरले तर केनियाचे व भारताचे मिळून आणखी आठ. एकूण छप्पन्न.

एका पानावर नीट मारले तर सहा शिक्के बसतात. परंतु नीट मारावे असे बंधन अधिकाऱ्यावर नसते. रात्री अकरा वाजता रांगेतल्या साठाव्या माणसाचा पासपोर्ट हाती आला की जे पान उघडेल त्यावर शिक्का बसतो, आणि तो मधोमध व तिरपा बसला तर त्या पानावर दुसऱ्यास जागा उरत नाही. सरासरी चार धरणे व्यवहाराला धरून होईल. म्हणजे शिक्क्यांचीच चौदा पाने. त्यातच वर्षाकाठी एक-दोन देशांचे चिकटपट्टीचे व्हिसा आले, ज्यांतील प्रत्येकास पूर्ण पान लागते. सोळा पाने वर्षाला. तीस पानांची ही शिल्लक दोन वर्षे पुरत नाही! पासपोर्टवर अद्याप आठ वर्षांची मुदत छापलेली असते आणि मुलगाही निर्धास्त असतो, कारण त्याने पाहिलेली असते ती तारीख.

हा हिशेब नैरोबीच्या मुलाचा झाला. लंडनमध्ये किंवा टेक्सासमध्ये एका जागी बसून काम करणाऱ्यास ही वेळ दहा वर्षांत येणार नाही. वेळ येते ती विक्रेत्यांवर, यंत्रे उभारणाऱ्या अभियंत्यांवर, जहाजावरील नाविकांवर, हिऱ्यांच्या व कापडाच्या दलालांवर. म्हणजेच ज्यांचा पगार प्रवासावर अवलंबून आहे त्यांच्यावर.

पाने संपली तर नेमके काय अडते? पुष्कळांचा समज असा की, शिक्का कोठेतरी कोपऱ्यात बसेलच. कधी कधी तो बसतोही. दयाळू अधिकारी जुन्या शिक्क्यांच्या फटीत जागा शोधतो. पण नियम दयेवर चालत नाहीत. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी पासपोर्टात किमान दोन पाने कोरी असावीत असा लेखी नियम आहे. खुद्द भारत सरकारही परदेशी पाहुण्याला ई-व्हिसा देताना दोन कोऱ्या पानांची अट घालते. अनेक देशांत एका संपूर्ण कोऱ्या पानाची अपेक्षा असते. येथे ‘कोरे’ याचा अर्थ समोरचा अधिकारी लावतो. ज्या पानावर मागल्या पानाची शाई उमटली आहे ते कोरे की नाही, यावर तासभर हुज्जत झाल्याची उदाहरणे प्रवासी सांगतात. अमेरिकन पासपोर्टात तर अखेरची काही पाने शासकीय नोंदींसाठी राखलेली असतात. ती दिसायला कोरी, पण व्हिसासाठी धरली जात नाहीत. आपल्याकडेही शेवटची पाने पत्ता व सूचना यांची असतात. मोजताना ती सोडून मोजावीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अडवणूक परक्या देशाच्या दारात होईल असे वाटते. प्रत्यक्षात ती बहुधा निघतानाच, विमान कंपनीच्या खिडकीवर होते. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड भरावा लागतो व त्याला स्वखर्चाने परतही आणावे लागते. म्हणून खिडकीवरील कर्मचारी सरहद्दीवरील अधिकाऱ्यापेक्षा अधिक काटेकोर असतो. त्याच्यापुढे रदबदली चालत नाही. तिकीट बुडते ते निराळेच.

आता त्या तरुणाच्या घरी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला असे समजा. रात्री बहिणीचा दूरध्वनी येतो. सांगलीच्या रुग्णालयात हलविले आहे, शस्त्रक्रिया ठरते आहे, तू ये. मुलगा कपाटातून पासपोर्ट काढतो आणि प्रथमच पाने उलटून पाहतो. अर्धे पान रिकामे आहे.

कायद्याने तो मायदेशी येऊ शकतो. स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क नागरिकास आहे आणि पाने भरली म्हणून भारताचे अधिकारी त्याला दारातून माघारी लावणार नाहीत. पासपोर्ट हरवलेल्यांना तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, ज्यावर एकदाच, फक्त भारतात येण्यापुरता प्रवास होतो. तेव्हा प्रश्न येण्याचा नसतो, परत जाण्याचा असतो. अर्ध्या पानावर भारताचा शिक्का बसला की केनियात पुन्हा शिरताना शिक्का कोठे मारणार? म्हणजे येथे आल्यावर प्रथम नवा पासपोर्ट काढणे आले. रुग्णालयाच्या बाकावर बसून अर्ज भरणे, पुणे विभागीय कार्यालयाच्या कक्षेतील केंद्रात भेटीची वेळ मिळविणे, पोलीस पडताळणीची वाट पाहणे, आणि पंधरा दिवसांच्या रजेतील एकेक दिवस मोजणे. तात्काळ योजना आहे, २०१७ पासून अनेक डाकघरांतही पासपोर्ट केंद्रे झाली आहेत, आणि पूर्वीच्या मानाने आज काम पुष्कळ लवकर होते हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तरीही ज्या दिवसांत मुलाने वडिलांच्या उशाशी बसावयाचे ते दिवस त्याला कार्यालयाच्या रांगेत घालवावे लागतात. किंवा तो नैरोबीतच थांबून आधी तेथे नवा पासपोर्ट काढतो आणि मग निघतो. तोवर इकडे काय होईल हे कोणाच्या हाती? बहिणीने दूरध्वनीवर ‘पानांचं काय एवढं?’ असे विचारले तर त्यात तिचा दोष नाही.

परदेशात असताना पाने संपत आली तर तेथील भारतीय दूतावासात किंवा उच्चायुक्तालयात पासपोर्ट पुन्हा काढण्याचा अर्ज करावयाचा असतो. अर्जातील कारणांमध्ये ‘पाने संपणे’ हे स्वतंत्र कारण आहे. शुल्कपत्रकात आजही ‘व्हिसाची पाने संपल्यामुळे जादा पुस्तिका’ असे शब्द आढळतात. त्यावरून जुन्या पुस्तिकेला नवी जोडून मिळते असे कोणी समजू नये. मिळतो तो नवा पासपोर्ट, नव्या क्रमांकाचा व नव्या मुदतीचा. जुन्याचा कोपरा कापून त्यावर रद्द झाल्याचा शिक्का मारतात व तो धारकास परत देतात. अवधी काही दिवसांचा किंवा काही आठवड्यांचाही लागतो, कारण भारतातून पडताळणी यावी लागते. काही ठिकाणी तोवर जुना पासपोर्टही जमा राहतो, आणि त्या काळात प्रवास बंद.

कापलेल्या कोपऱ्याचा तो जुना पासपोर्ट मात्र रद्दी नव्हे. त्यातील व्हिसा पुष्कळदा जिवंत असतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पुस्तिकेत असेल व तो फाटला-खराब झाला नसेल, तर जुनी व नवी अशा दोन्ही पुस्तिका सोबत ठेवून त्यावर जाता येते. म्हणून विमानतळावर रबरबँडने बांधलेले दोन-तीन पासपोर्ट हाती धरलेली माणसे दिसतात. त्यांचे हसू करू नये. त्यांची सारी कमाई त्या रबरबँडमध्ये बांधलेली असते. तो जुना व्हिसा चिकटवलेल्या जागेवरून सोडवून नव्या पुस्तिकेत लावण्याचा उद्योग कोणीही करू नये. तसे करताच तो निरुपयोगी होतो.

क्रमांक बदलल्याचा जो व्याप होतो त्याचे थोडे वर्णन केले पाहिजे, कारण खरा वेळ तेथेच जातो. सौदी अरेबियात निवासाचा परवाना, ज्यास इकामा म्हणतात, त्याच्या सरकारी नोंदीत नवा क्रमांक चढवावा लागतो. त्या क्रियेला तेथे ‘नक्ल मालुमात’ असे नाव आहे. ती झाल्याशिवाय देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवान्याचे काम अडते. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पर्यंत निवासाचा व्हिसा पासपोर्टातच चिकटवीत, त्यामुळे नवा पासपोर्ट आला की जुना सोबत बाळगावा लागे किंवा व्हिसा नव्यात उतरवून घ्यावा लागे. इंग्लंडने निवासाची कार्डे बंद करून सर्व नोंद संगणकावर नेली. तेथे कागद चिकटविण्याचा त्रास गेला, पण नव्या पासपोर्टचा क्रमांक स्वतः त्या खात्यात भरण्याची जबाबदारी राहिली. तो भरला नाही तर विमानतळावरील संगणकाला समोरचा माणूस रहिवासी म्हणून ओळखू येत नाही. त्याखेरीज येथील बँकेतील अनिवासी खाते, विमा, गुंतवणुकीची खाती, मालकाकडील नोंद, घरभाड्याचा करार... जेथे जेथे ओळखीचा पुरावा म्हणून पासपोर्ट दिला होता तेथे तेथे जाणे आले. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षी खतावणी शिकतो : एक नोंद कीर्दीत पडली की ती योग्य त्या प्रत्येक खात्यावर उतरली पाहिजे. एक राहिली तर ताळेबंद जुळत नाही. हे तसेच आहे.

अमेरिकेने यावर बरीच वर्षे एक सोपा उपाय ठेवला होता. पाने संपली की पासपोर्ट घेऊन वकिलातीत जावे. ते चोवीस पानांची जादा पुरवणी त्याच पुस्तिकेत बसवून देत. क्रमांक तोच, व्हिसा तेच, मुदत तीच. २०१० च्या जुलैपर्यंत ही सोय विनामूल्य होती. नंतर त्यास ८२ डॉलर पडू लागले. वारंवार फिरणाऱ्या अमेरिकनांचे पासपोर्ट या पुरवण्यांमुळे फुगून जाड झालेले असत. परंतु बाहेरून बसविलेल्या पानांत लबाडीला वाव राहतो, आणि नव्या पासपोर्टात सुरक्षेची जी कलाकुसर असते ती पुरवणीत तशी उतरत नाही. म्हणून १ जानेवारी २०१६ पासून ही पुरवणी बंद झाली. तत्पूर्वीच, २०१४ पासून, परदेशातील वकिलातींतून दिला जाणारा अमेरिकन पासपोर्ट सरसकट बावन्न पानांचा व जादा शुल्काविना देण्यास त्यांनी सुरुवात केली होती. हा विचार शहाणपणाचा वाटतो. जो मनुष्य परदेशातील वकिलातीत पासपोर्ट मागायला आला आहे तो प्रवास करणाराच आहे, हे गृहीत धरायला मोठी बुद्धी लागत नाही. आपल्या दूतावासांनीही साठ पानांची पुस्तिका अशा अर्जदारास आपणहून सुचवावी, अशी सूचना येथे करण्यास हरकत नसावी.

पाने संपण्याबरोबर दोन अनिष्ट गोष्टी जोडलेल्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. पहिली मालकांची. आखाती देशांत कामगाराचा पासपोर्ट मालकाने आपल्या तिजोरीत ठेवण्याची प्रथा, अनेक ठिकाणी कायद्याने मनाई असूनही, पूर्णपणे गेलेली नाही. ज्याचा पासपोर्ट दुसऱ्याच्या तिजोरीत आहे त्याने पाने मोजावीत कशी? मालकाचा माणूस त्याला सुट्टीच्या दिवशी विमानतळावर पासपोर्ट हाती देतो, तेव्हाच त्यात काय उरले आहे ते त्याला कळते. अशा बांधवांनी निदान छायाचित्रे तरी काढून ठेवावीत आणि पासपोर्ट हाती येईल तेव्हा प्रत्येक पान पाहावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पान फाडणे. कोणी जागा करण्यासाठी चिकटपट्टी सोलतो, कोणी एखादी सहल घरच्यांपासून लपविण्यासाठी पानच काढून टाकतो. मुंबई विमानतळावर अशा प्रवाशांवर गुन्हे नोंदविल्याच्या बातम्या अधूनमधून वृत्तपत्रांत येतात. पाने अनुक्रमांकित असतात, शिवण अखंड असते; एक पान गेले की जोडपान सैल होते आणि अधिकाऱ्याच्या बोटांना ते तत्काळ कळते. सरकारच्या मालमत्तेत फेरफार केल्याचा तो अपराध ठरतो, आणि त्यापायी अटकही होते. लपविलेली सहल त्यानंतर साऱ्या गावाला समजते, हा भाग वेगळा.

शिक्केच आता बंद होणार, मग ही चिंता कशाला, असे तरुण मंडळी म्हणतील. त्यांचे म्हणणे निराधार नाही. हाँगकाँगने २०१३ साली शिक्का मारणे थांबवून छोटी चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. सिंगापूरने २०२२ साली शिक्के बंद केले. अमिरातीचा चिकटपट्टीचा निवासी व्हिसा त्याच वर्षी गेला. युरोपातील शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंद सुरू केली. बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन येण्या-जाण्याची तारीख यंत्रातच राहावी, शिक्क्याची जागा त्या नोंदीने घ्यावी, अशी ही योजना आहे. पूर्वी एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांची मुदत पाळली की नाही हे शिक्के मोजून ठरे. आता यंत्र ठरवील. शिक्क्याने पान जाई, पण पुरावा स्वतःच्या हातात राही. यंत्रातील नोंद चुकली तर प्रवाशाने काय दाखवावे? तेव्हा तिकिटे व विमानात चढण्याचे पास काही महिने सांभाळून ठेवणे बरे. जुन्या पिढीला पावती जपण्याची सवय आहे. ती या बाबतीत उपयोगी पडेल.

मात्र सारे जग एकाच वेळी बदलत नाही. आफ्रिकेतील खुष्कीच्या नाक्यांवर शिक्का आजही वाजतो. कित्येक देशांचे व्हिसा आजही पूर्ण पानाचे येतात. भारताने २०२४ पासून हळूहळू आणलेल्या ई-पासपोर्टच्या पुठ्ठ्यात इलेक्ट्रॉनिक चीप आहे, परंतु आत पाने आहेतच आणि ती पूर्वीप्रमाणे संपतातही.

मग करावे काय? ज्यांची मुले फिरतीच्या नोकरीवर आहेत त्यांनी पुढच्या वेळी मूल घरी येईल तेव्हा त्याची बॅग उघडण्यापूर्वी पासपोर्ट उघडावा. पूर्ण कोरी पाने किती ते मोजावे, शेवटची नोंदींची पाने वगळावीत. सहा उरली असतील तर अर्जाचा विचार त्याच सुट्टीत करावा. चार उरली असतील तर विचार करण्याची वेळ गेली, अर्जच करावा. मुदत किती वर्षे उरली हे पाहून मन मोडू नये. उरलेली वर्षे वाया जातात असे वाटते, पण नव्यावर पुन्हा दहा वर्षांची मुदत मिळते. अर्ज करताना साठ पानांवर खूण करावी. नाक्यावर शिक्का मारणाऱ्यास ‘कृपया या पानावर मारा’ असे नम्रपणे सांगून अर्धवट भरलेले पान उघडून द्यावे. पुष्कळ अधिकारी ऐकतात, आणि वर्षाकाठी पाच-सहा पाने वाचतात. कोऱ्या पानांना कागदाची चिमटी लावून ठेवण्याची युक्तीही कित्येक फिरस्ते वापरतात, मात्र पासपोर्ट अधिकाऱ्याच्या हाती देताना चिमटी काढावी.

जे कुटुंबासह परदेशी राहतात त्यांनी लहान मुलांच्या पासपोर्टकडे निराळे लक्ष द्यावे. अज्ञान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतचा, यांत जे आधी येईल तेवढाच असतो. आई-वडिलांच्या पुस्तिका कोऱ्या असतात आणि पाच वर्षांच्या नातीची मुदत मेमध्ये संपते; आणि तिकिटे काढलेली असतात जूनची. तिचे छायाचित्रही नवे लागते, कारण पहिल्या पासपोर्टवरील तीन महिन्यांच्या बाळाचा चेहरा पाहून पाच वर्षांच्या मुलीला ओळखणे आजीलासुद्धा जमत नाही. तिचा अर्ज आणि वडिलांचा पाने संपल्याचा अर्ज एकाच दिवशी, एकाच फेरीत करता येतो. त्यासाठी भेटीची वेळ मात्र दोघांची वेगवेगळी घ्यावी लागते.